‘मूस्के’ : हरलेल्या नौकेची बाजू

वर्ध्यात राहून युद्धनौकांचा अभ्यास करतो म्हटले की लोक हसतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण किनाऱ्यापासून लांब असल्याचा एक फायदा आहे : कोणत्याही नौकेविषयी आधीपासून ममत्व नसते.

पहिल्या महायुद्धातील जर्मन क्रूझर ‘एमडेन’ची गोष्ट आपल्याकडे आवडीने सांगतात. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या. इंग्रजांची फजिती झाली, म्हणून ती आपलीशी वाटली. याच गोष्टीत २८ ऑक्टोबरला पेनांगजवळ तिने बुडवलेल्या ‘मूस्के’ या फ्रेंच विनाशिकेच्या वाट्याला एखादे वाक्य येते : समोर आली, बुडाली. माझा आक्षेप या वाक्याला आहे. ते खोटे नाही, अपुरे आहे.

‘मूस्के’ १९०२ साली पाण्यात उतरली. वजन सुमारे तीनशे टन, लांबी ५६ मीटर, वेग २८ नॉट. शत्रूच्या छोट्या पाणतीर नौका गाठून बुडवणे, हे तिचे काम. त्यासाठी चिलखत टाळले आणि सारा भर वेगावर दिला. तोफा हलक्या : एक ६५ मिलिमीटरची, सहा ४७ मिलिमीटरच्या, शिवाय पाणतीर सोडण्याच्या दोन नळ्या. ‘एमडेन’ तिच्या बारापट वजनाची, १०.५ सेंटीमीटरच्या दहा तोफा बाळगणारी. पाणतीर सोडायचा तर जवळ जायला हवे, आणि या तोफांपुढे जवळ जाणे म्हणजे मरण. तरीही ‘मूस्के’ने तोफा डागल्या, पाणतीर सोडला. कप्तान तेरुआन यांच्यासह चाळीसहून अधिक माणसे गेली. उरलेल्या ३६ जणांना ‘एमडेन’ने पाण्यातून काढले. त्या दिलदारीचे कौतुक होते, ते योग्यच. पण बुडालेल्यांची मोजदाद कुणी करत नाही.

बाराच दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, कोकोस बेटांपाशी ‘एमडेन’समोर ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ उभी राहिली : आकाराने मोठी, वेगाने जास्त, तोफांनी जड. त्या दिवशी ‘एमडेन’ची अवस्था ‘मूस्के’सारखीच झाली. मात्र तिच्या पराभवाला आपण वीरगाथा म्हणतो.

शौर्य मोजायचे तर माप एकच हवे. शत्रूचा शत्रू म्हणून एका नौकेवर जीव लावताना दुसरीवरची माणसे आपण हिशेबातूनच वगळली. चूक इतिहासाची नाही, आपल्या वाचनाची आहे.