चूक, प्रमाद आणि अपपाठ : दोषवाचक शब्दांचा विवेक

हस्तलिखितांच्या व दप्तरांच्या याद्या चाळीत असतां शेवटच्या रकान्यांत 'प्रत अशुद्ध', 'चुका फार' असे शेरे वारंवार दृष्टीस पडतात. शेरा लहान असतो, पण त्याचा परिणाम लहान नसतो. संग्राहक तो वाचून पोथी मागें सारतो. संपादक तिचे पाठ न नोंदतांच आपल्या समजुतीप्रमाणें ते नीट करून घेतो. चूक कोणाची, केव्हांची व कोणत्या जातीची, याचा पत्ता त्या शेऱ्यावरून लागत नाहीं. वास्तविक दोष दाखविणाऱ्या शब्दांची मराठींत वाण नाहीं. चूक, भूल, प्रमाद, स्खलन, भ्रम, गफलत, कसूर, तकसीर हे शब्द एकमेकांच्या जागीं खुशाल बसवावे इतके ते एकार्थी नाहींत. हा भेद न पाळल्यामुळें पुराव्याची हानि कशी होते, हें नांदेड व लातूर या प्रदेशांशीं संबद्ध अशा कांहीं उदाहरणांनीं दाखवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम रोजच्या वापरांतले शब्द घेऊं. 'चुकणें' या क्रियेंत नेम हुकण्याचा भाव आहे. वाट चुकते, वेळ चुकते, हिशेब चुकतो. प्रत्येक ठिकाणीं एक बरोबर जागा आधींच ठरलेली असते व ती हुकते. सबब, बरोबर काय हें ज्यास दाखवितां येत नाहीं त्यास दुसऱ्याची चूक काढण्याचा अधिकार नाहीं. 'भूल' निराळी. भुललेला मनुष्य एका वस्तूस दुसरी समजतो. भूल पडलेल्या वाटसरूस आपण योग्य वाटेनेंच चाललों आहों असें वाटत असतें. 'प्रमाद' म्हणजे अनवधान. ज्ञान असून लक्ष नसणें. 'स्खलन' म्हणजे पाय घसरणें. तेवढ्यावरून चालणाऱ्यास चालतां येत नाहीं असें ठरत नाहीं. 'भ्रम' हा बुद्धीचा दोष आहे. त्यांत हात व डोळा दोन्ही निर्दोष असून समजूत मात्र खोटी असते. 'घोडचूक' हा शब्द दोषाची जात सांगत नाहीं, माप सांगतो : परिणाम मोठा, आणि टाळणें सहज शक्य होतें.

दप्तरांतून येणारे शब्द याहून वेगळे आहेत. 'गफलत' म्हणजे बेसावधपणा. 'कसूर' आणि 'तकसीर' हे दोन्ही एकाच अरबी धातूपासून आलेले असून उणें पडणें हा त्यांचा मूळ भाव आहे. परंतु मराठी व्यवहारांत नेमल्या कामांत उणें पडणें ती कसूर, आणि जिची माफी मागावयाची ती तकसीर, असा भेद बहुधा दिसतो. तकसीर माफ करावी असें लिहिणारा दोष आपल्या पदरीं घेऊन वडीलकीपुढें नमतो. अशा पत्राचा सारांश देतांना 'चूक झाली' एवढेंच लिहिलें तर त्याची पायरी नाहींशी होते. 'गुन्हा' लिहिलें तर मुळांत नसलेला आरोप उभा राहतो. शिवकालीं राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांस संस्कृत पर्याय सुचविले गेले, हें सर्वश्रुत आहे. तो प्रयत्न पुढील व्यवहाराची भाषा घडविण्याचा होता. जुन्या पत्रांतील शब्द पुसून टाकण्याचा तो परवाना नव्हे. माधव ज्यूलियन यांचा १९२५ सालचा फार्शी-मराठी कोश हाताशीं असतां तर या बाबतींत हयगय करण्यास सबबही उरत नाहीं.

इंग्रजी ग्रंथांवरून परीक्षणाची पद्धति शिकलेल्यांनीं त्या भाषेकडेही पाहावें. तेथील 'एरर' शब्दाच्या मुळाशीं लॅटिनमधील भटकण्याचा अर्थ आहे. 'मिस्टेक' म्हणजे मूळांत एकाच्या ठिकाणीं दुसरें घेणें. 'स्लिप' म्हणजे घसरणें. आणि 'ब्लंडर' शब्दाचा जुना अर्थ डोळे मिटल्यासारखें धडपडत जाणें असा आहे. म्हणजे वाट चुकणें, भुलणें, स्खलन व घोडचूक हे आपले भेद तेथेंही ओळखतां येतात. चारही शब्दांचें भाषांतर 'चूक' असें करून आपण परकी विवेक घेत नाहीं, उलट घरचा मात्र दवडतों.

आतां पोथ्यांकडे वळूं. जुना लेखनिक ग्रंथाच्या अखेरीस बहुधा असें सांगून ठेवतो कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊं नये. याकडे आपण केवळ विनयाची रीति म्हणून पाहतों. पण त्यांत दोषाची वांटणी स्पष्ट आहे : आदर्श प्रतींतील दोष एक, आणि नकल करणाऱ्याचा दोष दुसरा. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीचें शोधन केलें तेव्हां त्यांनींही हाच विवेक बाळगला. ग्रंथ मूळचा शुद्ध असून पाठांतरांनीं बिघडला, असा त्यांचा निर्णय होता. आणि त्यांत आपली नवी ओवी घालणाऱ्यास त्यांनीं कडक शब्दांत बजावलें. कर्त्याचा दोष, परंपरेनें आलेला अपपाठ आणि मागाहून घातलेलें क्षेपक या तीन गोष्टी त्यांच्या मनांत निराळ्या होत्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें. त्यांत सुखटणकरांनींही कल्पनेनें पाठ सुधारण्याचा मोह आवरून नाकारलेले पाठ पृष्ठाच्या तळाशीं राखले. दोन्ही ठिकाणीं शोधनाचा अर्थ पुसणें असा नाहीं.

नांदेडच्या नांवाचें उदाहरण घ्या. या नगराचें 'नंदितट' हें संस्कृत रूप परंपरेनें सांगतात. वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ मध्यें वाशीम येथें मिळाला. त्याच्या ३७ व्या राज्यवर्षांतील या दानपत्रांत दिलेलें गांव 'नान्दीकड' प्रदेशाच्या उत्तर मार्गांत असल्याचें म्हटलें आहे, आणि हें नान्दीकड म्हणजे नांदेड असें संशोधकांनीं ठरविलें. ताम्रपटाचा वंशावळीचा भाग संस्कृत असून पुढील दानाचा भाग प्राकृत आहे. एखाद्या शुद्धिप्रिय वाचकानें 'नान्दीकड' हें कोरणाऱ्याचें स्खलन मानून त्याऐवजीं 'नन्दितट' छापलें असतें, तर नांदेडच्या नांवाची एक जुनी पायरी आपण आपल्याच हातानें मोडली असती. प्राकृत रूप हें संस्कृताची चूक नव्हे. तें वेगळ्या व्यवहाराचें शुद्ध रूप आहे.

लातूरच्या बाबतींत दोषाची दुसरी जात दिसते. सिरूरच्या शके ७८८ (इ. स. ८६६) मधील शिलालेखांत राष्ट्रकूट अमोघवर्षास लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी म्हटलें आहे, सौंदत्तीच्या रट्टांच्या लेखांत 'लत्तनूर' असेंही रूप येतें. हें नगर मध्यप्रांतांतील बिलासपुराकडील रतनपूर असावें, असें डॉ. फ्लीट यांस आधीं वाटलें होतें. पुढें त्यांनींच तें मत सोडून लट्टलूर म्हणजे लातूर असा निर्णय दिला. येथें लेख कोरणाऱ्याची चूक नाहीं, वाचणाऱ्याचाही प्रमाद नाहीं. नामसादृश्यानें पडलेली ती भूल होय. अशी भूल पुराव्यानें उलगडते, आणि ती उलगडूं शकली याचें कारण मूळ अक्षरें जशींच्या तशीं छापलेलीं होतीं. 'लट्टलूर' हेंच कोणीं 'रत्नपूर' असें सुधारून छापलें असतें, तर मत फिरविण्यास आधारच उरला नसता.

कालनिर्णयांत तर हा विवेक अगदीं निकडीचा आहे. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० रोजीं झाली. तेव्हां शके १६८१ चा माघ महिना चालू होता. शकांत सरसकट ७८ मिळविणारा १७५९ हें वर्ष काढील. हा पत्रलेखकाचा दोष नव्हे, बेरीज करणाऱ्याचा आहे. त्या वर्षाचा अरबी सन 'सितैन मया व अलफ', म्हणजे ११६०. या सनांत सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर. घाईच्या मोडींत शेवटचें अक्षर गळून सबैनचें सबा झालें तर ११७० चें ११०७ होतें, आणि थोरल्या माधवरावांच्या वेळचें पत्र औरंगजेबाच्या अखेरच्या दिवसांत जाऊन पडतें. हा मात्र खरा हस्तदोष; त्यास पाठभेद म्हणून गोंजारूं नये. फसलीचा प्रकार आणखी निराळा. मराठी दप्तरांतील फसली वर्ष मृगाच्या सुमारास बदलतें, तर हैदराबाद संस्थानाच्या उत्तरकालीन दप्तरांत तें आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरांत सुरू होई. त्यामुळें श्रावणांतील एका दिवसास दोन दप्तरांत एका वर्षाचें अंतर पडूं शकतें. नांदेड-लातुराकडील कागदांत असें अंतर दिसतांच एका कारकुनास गफलतीचा दोष देणें म्हणजे दोन शुद्ध गणनांपैकीं एकीस विनाकारण शिक्षा करणें होय.

लिपि व बोली यांविषयींही हेंच लागू आहे. मोडींत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळीत नसत. सबब मोडी पत्रांतील 'दिन' व 'दीन' यांच्या घोटाळ्यास शुद्धलेखनाची चूक म्हणतां येत नाहीं. जो नियम त्या लिपींत नव्हता तो मोडला कसा जाईल? त्याचप्रमाणें या प्रदेशांत मराठी, कानडी, तेलुगु व दखनी यांचा शेजार फार जुना आहे. 'का' याऐवजीं 'कामून' असें बोलणाऱ्या मुलुखांतील खासगी पत्रांत तो शब्द आला, तर तो पुणेरी वळणास लावणारा संपादक मजकूर शुद्ध करीत नाहीं, पत्राचें गांव पुसतो. याद्या करणाऱ्यांकडूनही असेंच घडतें. लातूर जिल्हा १९८२ मध्यें झाला आणि उदगीर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होतें. तेव्हां जुन्या कागदावर बिदर लिहिलें असल्यास तें खोडण्याचें कारण नाहीं. आजचा जिल्हा कंसांत द्यावा म्हणजे पुरें.

यावर कोणी म्हणेल, मग काय सर्वच अशुद्ध जपून ठेवावयाचें? तसें आमचें म्हणणें नाहीं. ओळीची ओळ गळते, एक शब्द दोनदां पडतो, सारख्या अक्षरावरून डोळा खालच्या ओळीवर उतरतो. हे लेखनिकाचे प्रमाद होत व ते दुरुस्त केलेच पाहिजेत. सारेंच पवित्र मानणारा आणि सारेंच चूक मानणारा, दोघेही परीक्षणाचें काम टाळतात. आमची सूचना एवढीच कीं, दोषाचा शेरा लिहिण्यापूर्वीं चार प्रश्न स्वतःस विचारावे : दोष कर्त्याचा, लेखनिकाचा, मागाहूनच्या शोधकाचा कीं आपला वाचणाऱ्याचा? तो केव्हांचा? ज्यास आपण बरोबर म्हणतों त्यास त्या काळचा व त्या स्थळाचा आधार कोणता? आणि दुरुस्ती केली असतां कोणती माहिती कायमची जाईल? उत्तर मिळालें तर हस्तदोष, अपपाठ, पाठभेद, क्षेपक, कालगणनेची चूक यांपैकीं योग्य तें नांव द्यावें. न मिळालें तर मूळ अक्षरें तशींच ठेवून तळाशीं संशय नोंदवावा.

ज्यांच्या घरीं या प्रदेशांतील पोथ्या व रुमाल आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, 'अशुद्ध' असा शेरा मिळालेले कागद त्यांनीं पुन्हां एकदां सोडून पाहावे. त्यांपैकीं कित्येक खरोखरच सदोष निघतील. पण कांहींच्या त्या तथाकथित चुकींतच एखाद्या गांवाचें जुनें नांव किंवा एखादा निराळा सन अद्याप शिल्लक असेल.