गॅलिलिओचें कास्तेलीस पत्र : अस्सल, नक्कल आणि एक जुना वाद

शास्त्रीय शोधांनीं ख्रिस्ती श्रद्धेचा पाया ढासळतो कीं नाहीं, हा प्रश्न सामान्यतः तत्त्ववेत्त्यांचा समजला जातो. परंतु या प्रश्नाचा निकाल लावूं पाहणारे बहुतेक लेखक पुराव्यासाठीं अखेरीस इतिहासाच्या दारीं येतात, व इतिहासांतहि बहुधा एकाच प्रकरणाकडे बोट दाखवितात. तें प्रकरण म्हणजे गॅलिलिओचा खटला. वाद तत्त्वज्ञानाचा असला तरी साक्षीचे कागद तपासणें हें आपल्याच धंद्यांतील काम असल्यामुळें, त्या खटल्याच्या मुळाशीं असलेल्या एका पत्राची चिकित्सा येथें करण्याचें योजिलें आहे.

या विषयावर दोन पक्षांच्या बखरी प्रसिद्ध आहेत. बखरी हा शब्द मुद्दाम योजिला आहे. पहिल्या पक्षाचे अध्वर्यु अमेरिकेंतील जॉन विल्यम ड्रेपर (१८७४) व अँड्रू डिक्सन व्हाइट (१८९६) हे होत. शास्त्र व धर्म यांचें हाडवैर असून शास्त्राचें पाऊल पुढें पडलें कीं धर्माचें मागें पडलेंच पाहिजे, ही यांच्या पक्षाची मांडणी. दुसरा पक्ष धर्माभिमान्यांचा. त्यांच्या मतें सारा घोटाळा व्यक्तींच्या हेव्यादाव्यांचा व गैरसमजांचा होता. श्रद्धेला त्यांत धक्का लागण्यासारखें कांहींच नव्हतें. दोन्ही पक्षांनीं जुनें चऱ्हाट पुष्कळ वळलें. शपथपूर्वक आपलें मत सोडून उठतांना गॅलिलिओ पृथ्वी फिरतच असल्याचें पुटपुटला, ही सर्वतोमुखीं झालेली गोष्टच पाहा. खटला १६३३ चा. आणि ही गोष्ट प्रथम छापलेली आढळते ती १७५७ सालीं लंडन येथें निघालेल्या बारेत्ती याच्या पुस्तकांत, म्हणजे १२४ वर्षांनंतर. असल्या पुराव्यावर इनामाचा दावाहि कोणी चालूं देणार नाहीं.

आतां मूळ पत्राकडे वळूं. १६१३ च्या डिसेंबरांत पिसा येथें तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या पंक्तीस बेनेदेत्तो कास्तेली हा गॅलिलिओचा शिष्य बसला होता. हा बेनेदिक्तीन पंथाचा साधु असून पिसाच्या विद्यापीठांत गणित शिकवीत असे. गुरूच्या फिरती पृथ्वी व स्थिर सूर्य या मताविषयीं बोलणें निघालें, तेव्हां राजमाता क्रिस्तीना हिनें शंका काढिली कीं, यहोशवानें सूर्याला थांबण्याची आज्ञा केल्याचें बायबलांत आहे. सूर्य चालतच नसेल तर त्याला थांबविलें कसें? कास्तेलीनें ही हकीकत कळविल्यावर २१ डिसेंबर १६१३ रोजीं गॅलिलिओनें त्यास लांबलचक उत्तर लिहिलें. त्याचा मथितार्थ असा : सृष्टि व शास्त्रवचन दोन्हीं ईश्वरापासूनच निघालेलीं असल्यामुळें तीं परस्परविरुद्ध असणार नाहींत, परंतु वचन हें सामान्यजनांच्या समजुतीस धरून बोलतें, सृष्टि मात्र कोणाच्या समजुतीची पर्वा न करितां आपल्या नियमानें चालते, यास्तव निसर्गाविषयींच्या वादांत वचनाचा आधार सर्वांत शेवटीं घ्यावा.

पत्राच्या नकला हातोहात पसरल्या. २१ डिसेंबर १६१४ रोजीं फ्लॉरेन्समध्यें काच्चीनी नांवाच्या डोमिनिकन साधूनें गॅलिलिओच्या पंथीयांवर व्यासपीठावरून तोफ डागली, आणि ७ फेब्रुवारी १६१५ रोजीं त्याच पंथाच्या निक्कोलो लोरिनी यानें पत्राची एक नक्कल रोमच्या धर्मन्यायसभेकडे तक्रारीसह रवाना केली. गॅलिलिओस सुगावा लागतांच त्यानें १६ फेब्रुवारीस रोम येथील आपले स्नेही पिएरो दिनी यांस पत्राची दुसरी प्रत पाठविली, व पहिली नक्कल करणारानें मजकुरांत फेरफार केला असावा असा संशय व्यक्त केला.

येथून पाठभेदाचा प्रश्न सुरू होतो. लोरिनीची नक्कल कडक, दिनीस पाठविलेली प्रत मवाळ. दोहोंपैकीं अस्सल कोणती? जोंपर्यंत मूळ पत्र हातीं नव्हतें तोंपर्यंत अभ्यासकांत एकमत होणें शक्य नव्हतें. आणि लोरिनी हा शत्रुपक्षाचा, तेव्हां लबाडी त्याचीच असावी, असें पुष्कळांनीं मनाशीं धरून ठेविलें होतें. ऑगस्ट २०१८ मध्यें बेर्गामो विद्यापीठाचे साल्वातोरे रिच्चार्दो यांस लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयांत तें मूळ पत्र आढळलें. सात पृष्ठें, शेवटीं गॅलिलिओच्या नांवाचीं आद्याक्षरें, आणि मजकुरांत जागोजागीं खाडाखोड. पत्र तेथें किमान अडीचशें वर्षें पडून होतें. सूचींत त्यावर डिसेंबरच्या ठिकाणीं ऑक्टोबरची तारीख पडली असल्यामुळें तें कोणाच्या डोळ्यांत भरलें नव्हतें. ज्यांनीं दफ्तरांचे रुमाल सोडले आहेत त्यांस अशा सूचीचा अनुभव नवा नाहीं. रिच्चार्दो यांनीं कामेरोता व जूदिचे या दोघां विद्वानांसह अक्षराचा मेळ गॅलिलिओच्या त्याच काळच्या इतर लिखाणांतील त्याच शब्दांशीं घालून पाहिला व मजकूर आणि दुरुस्त्या दोन्हीं त्याच्याच हातच्या असल्याचा निर्णय दिला.

या खाडाखोडीच्या खालीं जो मूळ मजकूर वाचतां येतो तो लोरिनीच्या नकलेशीं जुळतो. खाडाखोडीच्या वर जो लिहिला आहे तो दिनीच्या प्रतीशीं. म्हणजे लोरिनीनें खोटी नक्कल केली नव्हती. मवाळ पाठ गॅलिलिओनें मागाहून स्वतः तयार केला होता. कास्तेलीनें मूळ पत्र त्यास परत केलें होतें, त्यामुळें तें करणें त्यास शक्य झालें. कोणते शब्द बदलले तें पाहण्याजोगें आहे. बायबलांतील कित्येक विधानें शब्दशः घेतल्यास असत्य ठरतात, असें आधीं लिहिलें होतें. तेथें ‘असत्य’ काढून सत्याहून निराळीं दिसतात अशा अर्थाचे शब्द घातले. वचन आपले मूलभूत सिद्धांत लपवितें, असें एके ठिकाणीं होतें. तेथें लपविण्याच्या जागीं पडदा टाकण्याचें क्रियापद आलें. मोठमोठे परिच्छेद तसेच राहिले. फिरले ते शब्द.

ड्रेपरच्या पक्षाचे लोक म्हणतील, भीति! भीति होतीच, आणि तिला कारणहि होतें. परंतु खाडाखोडीचा एवढाच अर्थ लावणें पुरेसें नाहीं. धर्मन्यायसभेनें लोरिनीची नक्कल आपल्या एका सल्लागाराकडे अभिप्रायार्थ दिली होती. त्यानें कांहीं थोडे शब्दप्रयोग कानास बरे लागत नाहींत असें नमूद केलें व बाकी पत्र कॅथलिक वाणीच्या मार्गास सोडून नाहीं असा अभिप्राय दिला. त्यास खटकलेल्या शब्दांत वचनाला लाविलेला ‘असत्य’ हा शब्द अग्रभागीं आहे. ज्या शब्दावर सल्लागाराचें बोट पडलें त्याच शब्दावर गॅलिलिओच्या लेखणीचा फराटा होता! कोठें दुखतें हें दोघांनींहि सारखेंच ओळखिलें होतें, कारण दोघेहि त्याच श्रद्धेंत वाढलेले होते. गॅलिलिओ धर्मलंड नव्हता. त्याच्या दोघी मुली आर्चेत्रीच्या मठांत जोगिणी होत्या, व धर्मसभा चुकीच्या मतावर बसून पुढें फजीत होऊं नये ही तळमळ त्याच्या या काळच्या लिखाणांत सर्वत्र आढळते. तथापि दिनीस लिहितांना त्यानें जो संशय लोरिनीवर टाकिला तो रास्त नव्हता, हेंहि लिहून ठेविलें पाहिजे. थोर पुरुषाच्या चरित्रांतील असा कागद दडपण्याची संवय आपल्याकडेहि आहे, म्हणून हें स्पष्ट म्हटलें.

असाच दुसरा एक कागद २६ फेब्रुवारी १६१६ चा. कोपर्निकसचें मत कोणत्याहि प्रकारें धरूं नये, शिकवूं नये, त्याचें समर्थन करूं नये, अशी ताकीद त्या दिवशीं धर्मन्यायसभेच्या कमिसरीनें गॅलिलिओस दिल्याचें या टिपणांत आहे. त्यावर गॅलिलिओची सही नाहीं. उलट कार्डिनल बेल्लार्मिनो यांनीं २६ मे १६१६ रोजीं त्यास जो दाखला दिला त्यांत इतकी कडक भाषा नाहीं. १६३३ च्या खटल्यांत हे दोन्ही कागद समोरासमोर आले. १८७० सालीं व्होलविल या जर्मन पंडितानें टिपण बनावट ठरविलें. पुढें गेब्लर यानें १८७७ सालीं व्हॅटिकनमधील दफ्तर स्वतः डोळ्यांनीं पाहिल्यावर बनावटीचा संशय सोडून दिला. दोन वेळां धर्मपक्षावर खोट्या कागदाचा आरोप आला, व दोन्ही वेळां मूळ हस्तलिखितानें तो धुवून काढिला. अर्थात् यामुळें धर्मपक्ष सुटतो तो बनावटीच्या आरोपांतूनच, खटल्याच्या अन्यायांतून नव्हे.

मग श्रद्धेस धक्का लागला कोठें? याचें उत्तर आमच्या मतें बेल्लार्मिनोंच्या १२ एप्रिल १६१५ च्या पत्रांत आहे. तें फोस्कारिनी या कार्मेलीत साधूस लिहिलेलें असून, वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनीं तें अर्धेंच वाचलेलें दिसतें. धर्माभिमानी त्यांतील एक कलम दाखवितात : पृथ्वी फिरत असल्याचें खरें प्रमाण मिळालें तर वचनांचा अर्थ फार जपून लावावा लागेल, आणि सिद्ध झालेली गोष्ट खोटी म्हणण्यापेक्षां आपणांस वचन समजलें नाहीं असें म्हणावें लागेल. हें कलम खरें आहे, व शहाणपणाचें आहे. त्या वेळीं तसें प्रमाण गॅलिलिओजवळहि नव्हतें. भरतीओहोटीवरून त्यानें पुढें जें प्रमाण रचिलें तें चुकलेलें होतें. परंतु त्याच पत्रांत दुसरें एक कलम आहे, तें मात्र हे लोक दाखवीत नाहींत. बेल्लार्मिनो म्हणतात कीं, एखादी गोष्ट विषयामुळें श्रद्धेची नसली तरी सांगणाऱ्यामुळें श्रद्धेची ठरते. म्हणून अब्राहामास दोन मुलगे होते हें नाकारणारा, ख्रिस्ताचा जन्म कुमारीपासून झाला हें नाकारणाऱ्याइतकाच पाखंडी होय.

सारें मर्म येथें आहे. या नियमानें बायबलांतील प्रत्येक विधान, मग तें मोक्षाचें असो, वंशावळीचें असो कीं सूर्याच्या गतीचें असो, एकाच दोरीनें एकमेकांस बांधलें जातें. एक बुडालें कीं सर्वांस ओढतें. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाविषयीं दुर्बिणीनें कांहींच सांगितलें नव्हतें, सांगणें शक्यहि नव्हतें. १६१० त गुरूभोंवतीं चार चंद्र दिसले त्यांमुळें कोणाची प्रार्थना अडली नाहीं. ज्यांनीं प्रार्थना सूर्याच्या गतीशीं बांधून ठेविली त्यांची मात्र पंचाईत झाली. तेव्हां शोधांनीं श्रद्धा ढासळते काय, या प्रश्नास सरसकट होय किंवा नाहीं असें उत्तर देणें चुकीचें आहे. श्रद्धेनें आपलें काय काय पणास लाविलें आहे, तें पाहिल्यावांचून जाब देतां येत नाहीं.

धर्माभिमान्यांस हें उत्तर आवडेल. पण त्यांनीं हुरळून जाऊं नये. दोरी सोडविण्यास किंमत पडते. वचन सामान्यजनांच्या समजुतीस धरून बोलतें असें एकदां कबूल केलें म्हणजे तें कोठें तसें बोलतें व कोठें नाहीं हें ठरवावें लागतें, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. गॅलिलिओ निसर्गापुरता तो अधिकार ज्योतिष्यांस देऊं पाहत होता. आणि धर्मसभेच्या खऱ्या संतापाचें कारण आमच्या मतें हें होतें, सूर्य थांबला कीं पृथ्वी थांबली हें नव्हे. पोप तेराव्या लिओंनीं १८९३ च्या आज्ञापत्रांत गॅलिलिओच्या भूमिकेच्या फार जवळची भूमिका घेतली, आणि दुसऱ्या जॉन पॉलनीं ३१ ऑक्टोबर १९९२ रोजीं त्या काळच्या धर्मपंडितांची चूक कबूल केली. पण जें शेवटीं सुखानें कबूल झालें तें आरंभीं फुकट होतें असें म्हणणें म्हणजे १६३३ च्या २२ जूनला गुडघे टेकलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यास विसरणें होय.

आपल्या इकडे हाच वाद उलट्या दिशेनें आला. ज्योतिषाचें हत्यार येथें मिशनऱ्यांच्या हातीं होतें व लक्ष्य पुराणांतील सप्तद्वीपें व मेरु हें होतें. अहमदनगरास १८४२ सालीं निघालेल्या ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत असे लेख पुष्कळ मिळतात. हे मिशनरी प्रॉटेस्टंट. रोमची निषिद्धग्रंथांची यादी त्यांस बंधनकारक नव्हती हें खरें, परंतु यहोशवाचा ग्रंथ त्यांच्याहि बायबलांत होताच. आपल्या वचनास समजुतीस धरून बोलण्याची सवलत द्यावयाची व शेजाऱ्याच्या पुराणास ती नाकारावयाची, हा न्याय एकतर्फी आहे. याच्याहि पूर्वीं, १८३६ सालीं, सीहोरच्या पाठशाळेंतील सुबाजी बापू यांनीं मराठींत ‘शिरोमणिप्रकाश’ लिहून पुराणें, सिद्धांत व कोपर्निकस या तिघांच्या मतांची तुलना केली होती. या पुस्तकाची जुनी प्रत ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं ती जपावी. आमच्या दृष्टीनें तिची तारीखच मोठी बोलकी आहे. गॅलिलिओचा ‘संवाद’ व कोपर्निकसचा ग्रंथ रोमच्या निषिद्ध यादींतून अखेर गळाले ते १८३५ च्या आवृत्तींत. आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळें ताऱ्याच्या जागेंत दिसणारा फरक, ज्याची वाट ज्योतिषी कोपर्निकसापासून पाहत होते, तो बेसेल यानें हंसपुंजांतील एका ताऱ्यावर मोजून दाखविला १८३८ सालीं, म्हणजे यादी बदलल्यानंतर तीन वर्षांनीं.