नंदाचे केस

मनुष्याच्या डोक्यावरचे केस त्याचे स्वतःचे, असें आपण बोलतों खरें. परंतु समाजानें हा हक्क निर्वेधपणें कधींच मान्य केलेला नाहीं. तरुण मुलानें केस मानेपर्यंत वाढूं दिले कीं आई पुटपुटूं लागते, वडील अबोला धरतात, शेजारी "कसला नवस बोललास रे?" म्हणून विचारतात; आणि सोयरीक किंवा नोकरी जुळविण्याची वेळ आली म्हणजे तर सगळ्यांचें एकमत होतें. ह्या दडपणामागें कायदा नाहीं, शिक्षा नाहीं. तरी पुष्कळ डोकीं त्याच्यापुढें वांकतात. तीं कां वांकतात, ह्याचा मार्मिक उलगडा आम्हांस एका जुन्या कथेंत सांपडतो. ती कथा नंदाची. अश्वघोषानें ती 'सौंदरनंद' काव्यांत सांगितली, आणि छत्रपति संभाजीनगराहून सुमारें १०० किलोमीटरांवरील अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत ती रंगविलेली आहे. कवि आणि चित्रकार ह्यांनीं एकाच प्रसंगाकडे किती निरनिराळ्या दृष्टीनें पाहिलें, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

अश्वघोष हा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला कवि. त्याचें हें अठरा सर्गांचें काव्य हरप्रसाद शास्त्री ह्यांनीं नेपाळांतील हस्तलिखितांवरून १९१० सालीं प्रसिद्ध केलें. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ. पत्नी सुंदरी हिच्यावर त्याचें निरतिशय प्रेम. ती आपल्या मुखावर शृंगाराची नक्षी काढीत असतां तो आरसा धरून बसला आहे. इतक्यांत बुद्ध भिक्षेसाठीं दाराशीं येतात आणि कोणाचेंच लक्ष न गेल्यामुळें रिकाम्या पात्रानिशीं परततात. नंदाला हें कळतांच तो वंदन करण्यास निघतो. मुखावरची नक्षी वाळण्याच्या आंत परत यावें, एवढ्या बोलीवर सुंदरी त्याला निरोप देते. तो परत येतो तो कायमचा पारखा होऊनच.

पांचव्या सर्गांत बुद्ध आपलें पात्र नंदाच्या हातीं देतात. वडील भावाचें पात्र हातीं असतां पाठ कशी फिरवावी, ह्या संकोचानें तो मागोमाग विहारापर्यंत जातो. तेथें त्याला दीक्षा देण्याची आनंदास आज्ञा होते. नंद हळूच सांगतो कीं, आपणांस संन्यास घ्यावयाचा नाहीं. मग त्याला उपदेश होतो. मी वडील भाऊ संन्यासी झालों, चुलतबंधूहि झाले, मग तुझेंच काय अडलें, असा त्याचा रोख आहे. नंद शेवटीं होकार देतो. तो तडफडत असतां आनंद त्याला घेऊन जातो, आणि डोळे अश्रूंनीं भरलेले असतांच त्याचे केस उतरविले जातात.

हा होकार म्हणजे ह्या काव्याचें मर्म होय. नंदाला कोणी मारिलें नाहीं, बांधलें नाहीं. त्याला जिंकलें तें आदरानें, भिडेनें आणि 'बाकी सगळे झाले, तूंच राहिलास' ह्या युक्तिवादानें. सामाजिक दडपणाचीं हत्यारें तेव्हांहि हींच होतीं, आजहि हींच आहेत. ह्याच कवीच्या 'बुद्धचरितां'तला सिद्धार्थाचा प्रसंग शेजारीं ठेवला म्हणजे भेद स्पष्ट होतो. सिद्धार्थ स्वतः तलवार उपसून मुकुटासह आपले केस कापतो, आणि देव त्यांची पूजा करितात. एका भावानें आपले केस टाकले, दुसऱ्याचे काढून घेतले. पहिला त्याग, दुसरा नव्हे. मग दोन्ही डोकीं सारखींच गुळगुळीत दिसोत.

अश्वघोषाला हा भेद ठाऊक नव्हता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ते अश्रु त्यानेंच लिहिले. सहावा सर्ग त्यानें सुंदरीच्या विलापाला दिला. परंतु पुढें नंदाला मुक्ति मिळते, आणि त्या फलप्राप्तीनें पहिली सक्ति धुऊन निघाली असें कवि मानतो. सुंदरीचें नांव मागें पडतें. अखेरच्या सर्गांत तीहि नंदाच्या अनुकरणानें वैराग्याच्या गोष्टी बोलूं लागेल, एवढ्या आश्वासनावर तिची बोळवण होते. काव्य हें कडू औषध गळीं उतरविण्यासाठीं लावलेला मध होय, असें कवि शेवटीं सांगतो. वैद्यानें रोग्याची संमति विचारावी कीं नाहीं, हा प्रश्न मात्र तो विचारीत नाहीं.

तो प्रश्न चित्रकारानें विचारला. सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण ह्याचा प्रधान वराहदेव ह्यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत खोदविलें. तेथील चित्रांची झीज पुष्कळ झाली आहे. तरी जो प्रसंग पाहणाराच्या मनांतून जात नाहीं, तो विहारांतला नसून घरांतला आहे. सुंदरीची मान कलली आहे, डोळे मिटत आले आहेत, मागून एक दासी तिला सांवरीत आहे; आणि एका बाजूस नंदाचा मुकुट हातांत घेऊन खिन्न सेवक उभा आहे. काव्यांत ही वार्ता एक स्त्री बोलून सांगते. येथें रिकामा मुकुटच ती सांगतो. ह्या चित्राला फार दिवस 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स ह्यांनीं अजिंठ्याच्या नकला करविल्या, तेव्हां ह्यांतील करुणरसाला कलेच्या इतिहासांत तोड नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला. तो आम्हांस यथार्थ वाटतो. भिक्षूंच्याच निवासांत, भिक्षूंच्या डोळ्यांसमोर, ह्या चित्रकारानें मुंडनाची किंमत मांडून ठेविली; धर्माचा अधिक्षेप केला नाहीं, पण हिशेबहि लपविला नाहीं. ह्या एका गोष्टींत तो कवीहून श्रेष्ठ ठरतो.

कोणी म्हणेल, नंदाचें शेवटीं कल्याणच झालें ना? झालें असेल. पण बुद्धांना पुढचें दिसत होतें. आमच्या आळींतल्या वडीलधाऱ्यांना तें दिसतें, असें मानण्यास आधार नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी शिकलेल्या तरुणानें हजामत सोडून डोकेंभर केस राखले, तेव्हां तो भ्रष्ट ठरला. पुढें शेंडी ठेवणाराचीच टवाळी होऊं लागली. चीनमध्यें मांचू राजांनीं १६४५ सालीं पुरुषांवर वेणी लादली ती शिरच्छेदाच्या धाकानें, आणि १९१२ सालीं प्रजासत्ताक आल्यावर तीच वेणी कापण्याची सक्ति सुरू झाली. लांबी बदलते, दडपण बदलत नाहीं. म्हणून तें कल्याणासाठीं असतें हें म्हणणें संशयास्पद ठरतें. सैन्यांत स्वेच्छेनें शिरणारा शिपाई केस कापतो, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत येणारा शीख श्रद्धेनें केस राखतो. दोघांविषयीं आम्हांस सारखाच आदर आहे. प्रश्न केसांचा नसून होकाराचा आहे.

ह्या बाबतींत महाराष्ट्राजवळ अजिंठ्याखेरीज आणखी एक उदाहरण आहे. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांच्या मस्तकास वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. विधवेच्या वपनांतलें क्रौर्य आणि मुलाच्या केसांवरची कटकट ह्यांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. पण त्या कष्टकरी माणसांना जें समजलें तें दोन्हीकडे लागू आहे. डोकें पुढें झालें म्हणून तें राजी आहे असें नव्हे, आणि वस्तरा धरणाऱ्या हातानें आधीं डोळ्यांकडे पाहावयाचें असतें. आनंदानें पाहिलें नाहीं. अश्वघोषानें पाहिलें, पण तो पुढें निघून गेला. अजिंठ्याचा चित्रकार तेवढा तेथें थांबला.