खेळाची रंगत आणि नियमांची अडचण : खो-खोच्या निमित्ताने

खेळात रंगत कशामुळे येते, या प्रश्नाला 'जिंकण्याच्या इच्छेमुळे' हे उत्तर सहज दिले जाते. परंतु लपंडाव, डबा ऐसपैस, विषामृत यांसारख्या खेळांत अखेरचा विजेता असा कोणी नसतोच. दिवेलागणीला घरून हाका येऊ लागल्या की डाव मोडतो आणि तो कोणी जिंकला हा प्रश्नही कोणाला पडत नाही. तरीही या खेळांतील तल्लीनता स्पर्धेतील तल्लीनतेहून उणी नसते. विजयाची ओढ हे रंगतीचे एक कारण असू शकेल. तिचे मूळ मात्र खेळाडूंनी आपण होऊन पत्करलेल्या अडचणीत शोधावे लागते. ही अडचण एकट्याला निवारता येत नाही आणि त्यासाठी दुसऱ्याकडे डाव सोपवावा लागतो, तेव्हा रंगत विशेष वाढते, अशी मांडणी प्रस्तुत लेखात खो-खोच्या आधारे केली आहे.

क्रीडाविषयक चिंतनात डच इतिहासकार योहान हायझिंगा यांच्या 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथाचे स्थान पायाभूत आहे. खेळ हा दैनंदिन व्यवहारापासून वेगळ्या काढलेल्या काळात आणि अवकाशात घडतो, हे त्यांचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. त्याहून मार्मिक आहे तो लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांच्यात त्यांनी केलेला भेद. लबाडी करणारा निदान नियम पाळत असल्याचे सोंग तरी करतो. खेळ मोडणारा त्या जगाचे अस्तित्वच नाकारतो. आपल्याकडेही रडीचा डाव खेळणाऱ्याला मुले चिडवतात आणि खेळात ठेवतात. भर डावातून उठून जाणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी सहजासहजी घेत नाहीत. (बॅट त्याच्याच मालकीची असेल तर गोष्ट वेगळी.) फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे खेळांचे चार वर्ग कल्पिले. भातुकली सोंगाच्या, फुगडी भोवळीच्या वर्गात सहज बसते. परंतु वर्गीकरणाने खेळांतील भेद कळतो, रंगतीचा उलगडा होत नाही.

या दृष्टीने बर्नार्ड सूट्स यांचे 'द ग्रासहॉपर' (१९७८) हे पुस्तक अधिक उपयोगी ठरते. सूट्स यांच्या मते खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न होय. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालणे एवढेच साध्य असते, तर तो हाताने नेऊन टाकणे सर्वांत सोपे झाले असते. सोपा मार्ग नाकारून अवघड मार्ग घेणे, आणि तो केवळ ती कृती शक्य व्हावी म्हणून घेणे, ही खेळाची खूण आहे.

खो-खोची रचना या कसोटीवर पाहण्याजोगी आहे. आठ गडी मध्यपाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणारा मैदानात कोठेही, कोणत्याही दिशेने धावू शकतो. पाठलाग करणाऱ्यावर मात्र बंधनेच बंधने आहेत. त्याने एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. बसलेल्या गड्यांमधून मध्यपाटी ओलांडता येत नाही. पलीकडे जायचे तर खांबापर्यंत धावून वळसा घालावा लागतो. पकडणाऱ्याला अशा रीतीने पंगू करणारा आणि पळणाऱ्याला पूर्ण मोकळीक देणारा हा नियम वरवर अन्यायकारक वाटतो. प्रत्यक्षात संपूर्ण खेळ या असमतोलातून निर्माण झाला आहे.

कारण या कोंडीतून सुटण्याचा सर्वांत जलद मार्ग एकच आहे. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्याला मागून स्पर्श करून 'खो' म्हणायचे आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे. उठणारा पलीकडच्या बाजूला तोंड करून बसलेला असल्याने तो त्याच बाजूला धावतो. मध्यपाटी कोणा एकाला ओलांडता येत नाही. डाव मात्र क्षणात ती ओलांडून जातो. हाताच्या अंतरावर आलेला गडी हुलकावणी देऊन निसटतो, तेव्हा धावणाऱ्याला त्याच्यामागे वळण्याचा मोह होतो. त्या क्षणी स्वतः बसणे आणि श्रेय दुसऱ्याच्या हाती देणे हे या खेळातले खरे कौशल्य आहे. बसलेले गडीही यामुळे निष्क्रिय राहत नाहीत. खो कोणत्याही क्षणी मिळू शकतो, या अपेक्षेने त्यांचे सर्वांग ताणलेले असते. व्यवहारातील मराठीत 'खो घालणे' म्हणजे एखाद्याच्या कामात अडथळा आणणे. मैदानावर मात्र खो मिळाल्याने वाट मोकळी होते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने प्रथम सूत्रबद्ध केले असे मानले जाते. त्यानंतर नियमांत बदल होत गेले आणि त्यात गैर काही नाही. तथापि २०२२ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे सुरू झालेल्या 'अल्टिमेट खो खो' या व्यावसायिक लीगने आणलेला 'वजीर' हा बदल मूलगामी स्वरूपाचा आहे. वजिराला पाठलाग करताना दिशेचे बंधन नसते. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने याचे लाभ उघड आहेत : वेग वाढतो आणि प्रेक्षकाला ओळखू येणारा एक नायक मिळतो. वजिराला केव्हा उठवावे, हा नवा डावपेचही त्यातून निर्माण होतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्या अडचणीमुळे खो देणे अपरिहार्य होते, तीच अडचण एका खेळाडूपुरती शिथिल झाली आहे. जो स्वतः वळू शकतो त्याला दुसऱ्याची गरज तेवढी कमी भासते. नियम सैल केल्याने खेळ अधिक रंगतदार होतो, हे गृहीतक येथे तपासून घेणे आवश्यक आहे.

रंगतीच्या मानसशास्त्रीय उपपत्तीतही ही सामूहिक बाजू काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी १९७५ मध्ये गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शल्यविशारद यांच्या अनुभवांच्या आधारे असे दाखविले, की आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला म्हणजे माणूस कृतीत बुडून जातो. आव्हान तोकडे पडले तर कंटाळा, डोईजड झाले तर चिंता. ही उपपत्ती मौलिक असली तरी तिचा केंद्रबिंदू व्यक्ती आहे. हा मेळ कोण घालतो, हा प्रश्न तिच्यात मागे पडतो.

अंगणातील खेळांत तो मुलेच घालतात. संघ पाडताना साधारण सारख्या ताकदीचे दोन गडी जोडीने बाजूला जाऊन टोपणनावे घेतात आणि नायकाने नाव निवडले की जोडीतला एकेक गडी एकेका बाजूला जातो; दोन्ही बाजू आपोआप तुल्यबळ होतात. त्याहून विलक्षण आहे ती 'लिंबूटिंबू'ची कल्पना. वयाने फार लहान असलेल्या भावंडाला खेळात घेतात, तेही इतरांबरोबर धावते, पकडले जाते, ओरडते. पण त्याच्यावर राज्य येत नाही. नियमाला असा उघड अपवाद करूनही खेळाचे गांभीर्य रतिभर कमी होत नाही, कारण अपवाद सर्वांच्या संमतीने झालेला असतो. सूट्स यांच्या व्याख्येत या खेळाडूला जागा मिळणे कठीण आहे, कारण त्याच्यापुरता अडथळाच उरलेला नाही. तो खेळतो आहे हे मात्र नाकारता येत नाही. म्हणजे अडथळा हा मूलतः गटाने मिळून पत्करलेला असतो आणि कोणाला किती सूट द्यायची तेही गटच ठरवतो, अशी दुरुस्ती त्या व्याख्येला सुचविता येईल.

अध्यापनाच्या क्षेत्रातही या दुरुस्तीचा विचार व्हायला हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शालेय स्तरावर खेळातून शिक्षणावर भर दिला आहे आणि महाविद्यालयीन वर्गातही गुण, क्रमवारी, सन्मानचिन्हे यांनी सजविलेल्या प्रश्नमंजूषा रूढ होत आहेत. त्यांत स्पर्धा असते, बक्षीस असते, नियमही असतात. परंतु ते नियम विद्यार्थ्यांनी पत्करलेले नसतात, ते बदलण्याची त्यांना मुभा नसते आणि मागे पडलेल्याला लिंबूटिंबू म्हणून सामावून घेण्याचा अधिकार वर्गातील इतरांना नसतो. अंगणात दमलेले मूल 'टाइमप्लीज' म्हणून क्षणभर थांबते आणि सगळे त्याच्यासाठी थांबतात. या प्रश्नमंजूषांत घड्याळ चालूच राहते.