प्रतिबंधाच्या तीन कालमर्यादा : हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील प्रतिजैविकांच्या वापराचे परीक्षण

शास्त्रीय लेखनात एकाच शब्दाने तीन भिन्न वस्तूंचा निर्देश होऊ लागला म्हणजे जो घोटाळा उत्पन्न होतो, तो शब्दापुरता राहत नाही. तो आचरणातही उतरतो. 'प्रतिबंधक प्रतिजैविक' हा शब्दप्रयोग या प्रकारचा आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जखमेत व कृत्रिम झडपेवर जंतूंनी ठाणे देऊ नये म्हणून दिलेले औषध प्रतिबंधक होय. संधिवाती ज्वर पुन्हा उलटू नये म्हणून वर्षानुवर्षे टोचले जाणारे पेनिसिलिनही प्रतिबंधकच. आणि कृत्रिम झडप बसविलेल्या मनुष्याचा दात काढण्यापूर्वी त्याला दिली जाणारी एकच मात्रा, तीही प्रतिबंधक. नाव एक असले तरी या तिहींचा हेतू, शत्रू आणि विशेषतः कालावधी भिन्न आहे. या भिन्नतेकडे झालेले दुर्लक्ष हेच आपल्याकडील पुष्कळशा अनिष्ट सवयींचे एक मूळ असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकते हे पाहणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

या प्रश्नाचा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. १९४९ साली निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोहोंचा संबंध केवळ शेजाराचा नाही. येथील रुग्ण जावळी-पाटणच्या डोंगराळ भागातून येतो, तसा जत-आटपाडीच्या अवर्षणप्रवण गावांतूनही येतो. एखाद्या तरुण स्त्रीचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, आणि पुढे माइट्रल झडप आकुंचित झाल्याचे निदान झाले. दर तीन आठवड्यांनी तिला पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. कालांतराने तिची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया होते. त्यानंतर काही वर्षांनी तिची दाढ किडते. वर सांगितलेले तिन्ही प्रतिबंध एकाच आयुष्यात येतात ते असे. त्यांची गल्लत झाली तर तिची झळ नेमकी अशा रुग्णास लागते.

प्रथम शस्त्रक्रियेच्या वेळच्या प्रतिबंधाचा विचार करू. शल्यगृह कितीही शुद्ध राखले तरी रुग्णाच्या त्वचेवरील आणि नाकातील जंतू पूर्णपणे नाहीसे करता येत नाहीत. सामान्य जखमेत शिरलेल्या थोड्या जंतूंचा समाचार शरीर स्वतःच घेते. परंतु तेथे परकी वस्तू असली म्हणजे हिशेब पालटतो. एलेक आणि कोनेन यांनी १९५७ साली स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, त्वचेत पू उत्पन्न होण्यास एरवी लक्षावधी स्टॅफिलोकॉकस जंतू लागतात, पण रेशमी टाका असला तर शंभराच्या आसपास जंतूही पुरतात. एका टाक्याची ही कथा, तर कृत्रिम झडप किंवा महारोहिणीच्या जागी बसविलेली कृत्रिम नलिका यांविषयी निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा वस्तूवर जंतूंचा थर एकदा जमला की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि पुष्कळदा ती वस्तू काढूनच टाकावी लागते. म्हणून या शस्त्रक्रियांत प्रतिबंधक औषध द्यावेच, याविषयी दुमत नसावे. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेबाबत कायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेली चाचणी या दृष्टीने निर्णायक मानली जाते. तीत सेफाझोलिन मिळालेल्या रुग्णांत जखमेच्या संसर्गाचे प्रमाण ०.९ टक्के होते. औषधविरहित मात्रा मिळालेल्यांत ते ६.८ टक्के होते.

परंतु औषध द्यावे हे सिद्ध झाल्याने ते केव्हा व किती काळ द्यावे हे सिद्ध होत नाही. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या उत्तरांना असलेला पुरावाही सारख्या बळाचा नाही. प्रारंभाच्या वेळेविषयीचा पुरावा भक्कम आहे. बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की, जंतू ऊतकांत शिरण्यापूर्वी औषध तेथे हजर असेल तर त्याचा प्रभाव सर्वाधिक असतो, आणि काही तासांनी दिलेले औषध जवळजवळ निरुपयोगी ठरते. पुढे १९९२ साली क्लासेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८४७ रुग्णांच्या नोंदींवरून तेच माणसांच्या बाबतीत दाखविले. छेदापूर्वीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्गाचे प्रमाण ०.६ टक्के होते. त्याहून आधी मिळालेल्यांत ते ३.८ टक्के, तर छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के होते. फार लवकर दिलेले औषध आणि उशिरा दिलेले औषध यांची गत जवळजवळ सारखीच झाली, ही गोष्ट अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. सेफाझोलिन छेदापूर्वीच्या एका तासात द्यावे, शस्त्रक्रिया चार तासांहून लांबल्यास मात्रा पुन्हा द्यावी, आणि व्हँकोमायसिन सावकाश द्यावे लागत असल्याने ते दोन तास आधी सुरू करावे, हे आजचे नियम याच विचारातून आले आहेत. हृदय-फुप्फुस यंत्रात रुग्णाचे रक्त विरल होते व औषधाचे रक्तातील प्रमाण उतरते. म्हणून हृदयशस्त्रक्रियेत पुन्हा द्यावयाच्या मात्रेचे महत्त्व अधिक आहे.

खरा वाद आहे तो औषध केव्हा थांबवावे याविषयी. शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस, कित्येकदा टाके निघेपर्यंत, प्रतिजैविके चालू ठेवण्याची रीत आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आढळते. तिच्या बाजूने जो पुरावा पुढे केला जातो तो बारकाईने वाचला पाहिजे. २०११ साली मर्ट्झ व सहकाऱ्यांनी १२ चाचण्यांतील ७,८९३ हृदयशस्त्रक्रिया-रुग्णांचा एकत्रित विचार केला. चोवीस तासांहून कमी काळ औषध मिळालेल्यांपेक्षा चोवीस तास वा अधिक काळ मिळालेल्यांत उरोस्थीच्या जखमेचा संसर्ग कमी आढळला. या निष्कर्षाचा आधार घेऊन 'अधिक दिवस म्हणजे अधिक संरक्षण' असे विधान केले जाते. पण हा तर्कदोष आहे. त्या अभ्यासातून फार तर एवढे निघते की, हृदयशस्त्रक्रियेत एका मात्रेवर थांबण्यापेक्षा एक दिवस औषध देणे बरे असावे. आणि मूळ चाचण्या परस्परांहून बऱ्याच भिन्न व काही सदोष असल्याने तेही सावधपणेच म्हटले पाहिजे. एक दिवस पुरेसा ठरतो म्हणून सात दिवस आवश्यक ठरतात, असे त्यातून मुळीच निघत नाही.

उलट बाजूचा पुरावाही चिकित्सेशिवाय स्वीकारू नये. हार्बार्थ व सहकाऱ्यांनी २००० साली हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या २,६४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४८ तासांहून अधिक औषध दिल्याने जखमेचा संसर्ग घटला नाही. प्रतिरोधक जंतू मात्र अधिक रुग्णांत आढळले. ही यदृच्छेने गट पाडून केलेली चाचणी नव्हती, निरीक्षण होते. ज्यांची प्रकृती चिंताजनक त्यांनाच औषध लांबविले गेले असण्याचा संभव उरतो, जरी संशोधकांनी गणिताने त्याची वजावट करण्याचा यत्न केला आहे. २०१९ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ७९,०५८ शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हाही औषध लांबविल्याने संसर्ग कमी न होता मूत्रपिंडास इजा आणि प्रतिजैविकजन्य अतिसार यांचा धोका दिवसागणिक वाढलेला दिसला. अशा पुराव्यांचे सार निरनिराळ्या संस्थांनी काढले आहे. अमेरिकेतील वक्षशल्यकांच्या संघटनेने २००६ साली ४८ तासांची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रिया संपताच थांबावे अशी शिफारस केली. या दोन शिफारशींत अंतर आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हृदयशस्त्रक्रियेपुरती पहिली मर्यादा अधिक सावध आहे. मात्र दोहोंपैकी एकीतही सात दिवसांस जागा नाही.

यावर आपल्याकडे दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला असा की, आपल्या रुग्णालयांतील जंतू पाश्चात्त्य जंतूंहून अधिक प्रतिरोधक आहेत. हे खरे आहे. कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही न जुमानणाऱ्या जंतूंचे वृत्त २०१० साली मुंबईतूनच प्रसिद्ध झाले होते. परंतु या आक्षेपातून निष्पन्न काय होते? जंतू निराळा असेल तर औषध निराळे निवडावे लागेल. कालावधी वाढविण्याचे कारण त्यातून मिळत नाही. ज्या औषधास जंतू दाद देत नाही ते सात दिवस दिल्याने तो दाद देऊ लागत नाही. उलट जे जंतू दाद देत होते ते तेवढे नाहीसे होऊन प्रतिरोधकांस मोकळे रान मिळते.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. रुग्ण पाटण तालुक्यातील एखाद्या वाडीवर परतणार. तेथून जखम चिघळल्यास तो वेळेवर येईल याची शाश्वती नाही. मग गोळ्या देऊन पाठविणे हाच शहाणपणा नव्हे काय? ही भीती खोटी नाही. परंतु जी गोष्ट जखमेचे रक्षण करीत नाही ती अंतरामुळे करू लागत नाही. उलट गोळ्यांमुळे संसर्गाची सुरुवातीची लक्षणे काही काळ झाकली जाऊन रुग्ण उशिरा परतण्याचा संभव असतो. अंतरावरचा उपाय अंतराचाच असला पाहिजे : जखम कोणत्या तारखेस प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी, ताप किंवा स्राव दिसल्यास कोठे यावे, हे चिठ्ठीवर सुवाच्य मराठीत लिहून देणे, हाच तो उपाय होय.

आता दुसऱ्या प्रतिबंधाकडे वळू, म्हणजे घोटाळ्याचे स्वरूप स्पष्ट होईल. संधिवाती ज्वर उलटू नये म्हणून तीन किंवा चार आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथिन पेनिसिलिन हे एका विशिष्ट जंतूविरुद्ध, घशातील स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध, दिले जाते. हा जंतू पेनिसिलिनला आजही बळी पडतो, म्हणूनच दीर्घकाळ दिलेले औषध येथे उपयोगी ठरते. त्याचा कालावधी वर्षांचा असतो; झडपेची हानी तीव्र असल्यास तो आयुष्यभराचा असू शकतो, आणि झडप बदलल्यानेही तो संपत नाही. तिसरा प्रतिबंध, म्हणजे हृदयाच्या अंतःपटलाचा दाह टाळण्यासाठी दंतचिकित्सेपूर्वी दिली जाणारी मात्रा, ही एकाच वेळची असते. अमेरिकन हृदयविज्ञान संघटनेने २००७ साली ती कृत्रिम झडप असलेल्या व तत्सम अतिजोखमीच्या रुग्णांपुरती मर्यादित केली. ब्रिटनमधील मार्गदर्शनाने २००८ साली ती सरसकट नाकारली, आणि २०१६ साली 'नित्यनेमाने देऊ नये' असा सौम्य फेरफार केला. म्हणजे पहिला प्रतिबंध तासांचा व फार तर दोन दिवसांचा, दुसरा वर्षांचा, तिसरा एका मात्रेचा.

हे भेद न जाणल्याने चूक दोन्ही दिशांनी होते. ज्या प्रदेशात 'हृदयरोग्यास औषध दीर्घकाळच द्यावयाचे' हा संस्कार तीन-तीन आठवड्यांच्या इंजेक्शनांनी रुजला आहे, तेथे शस्त्रक्रियेनंतरचे औषधही लांबविणे रुग्णास, नातेवाइकांस आणि कित्येकदा वैद्यासही स्वाभाविक वाटते. याच्या उलट चूक अधिक घातक आहे. घरी जाताना दिलेल्या कागदावर 'प्रतिजैविके बंद' एवढेच लिहिले, तर ती तरुण स्त्री तीन आठवड्यांचे पेनिसिलिनही बंद झाले असे समजेल, आणि तिला दोष देता येणार नाही. अल्पकालीन प्रतिबंध योग्य रीतीने थांबविताना दीर्घकालीन प्रतिबंध अजाणता तुटणे, हा सुधारणेतून उद्भवणारा अनर्थ होय. म्हणून 'कमी दिवस द्या' एवढा उपदेश अपुरा आहे. काय थांबले आणि काय चालू राहिले, हे दोन स्वतंत्र ओळींत लिहिले गेले पाहिजे.

येथे या भागातील एका जुन्या वस्तुस्थितीचे स्मरण उचित ठरेल. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले आणि मिरजेस त्यांचे रुग्णालय १८९४ साली सुरू झाले. १९३३ साली ते निवर्तले. पेनिसिलिन माणसांवरील उपचारात १९४१ साली आले, आणि पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यातून त्याचे उत्पादन १९५५ साली सुरू झाले. अर्थात मिरजेच्या शल्यचिकित्सेची कीर्ती ज्या काळात पसरली त्या काळात शल्यकाच्या हाती प्रतिजैविक नव्हतेच. त्या काळी संसर्ग होत नव्हता असे म्हणणे असत्य ठरेल. आणि झडप बदलण्यासारखी शस्त्रक्रिया त्या वेळी संभवतच नव्हती. परंतु हात, उपकरणे, वस्त्रे आणि त्वचा यांच्या शुचितेवर सर्व भिस्त ठेवणे तेव्हा भाग होते, आणि तो धडा जुना झालेला नाही. बोडे व सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या चाचणीत, नाकात स्टॅफिलोकॉकस बाळगणाऱ्या रुग्णांस नाकात मुपिरोसिन लावून व क्लोरहेक्सिडिनने स्नान घालून घेतल्यास त्या जंतूचा संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या या साध्या तयारीने जे साधते, ते नंतरच्या सात दिवसांच्या औषधाने साधल्याचा पुरावा नाही.

निष्कर्ष थोडक्यात असा : प्रारंभाच्या वेळेबाबत पुरावा बळकट असून तेथे शैथिल्यास क्षमा नाही, समाप्तीबाबत पुरावा मध्यम बळाचा आहे, पण तो एक-दोन दिवसांच्या पलीकडे जात नाही, आणि दीर्घकालीन पेनिसिलिनचा या वादाशी संबंध नाही. आपल्या भागातील जखमांत कोणते जंतू किती प्रमाणात सापडतात याची नोंद ठेवणे, हे काम परदेशी चाचण्या आपल्यासाठी करणार नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधासाठी हा विषय घेतला, आणि छेदाची वेळ, पहिल्या मात्रेची वेळ, शेवटच्या मात्रेची वेळ व तिसाव्या दिवशीची जखम एवढ्या चारच गोष्टी प्रामाणिकपणे नोंदविल्या, तरी या प्रश्नावर पुढे लिहिणाऱ्यास आजच्यापेक्षा अधिक निश्चितपणे बोलता येईल.