वाटा न मिळालेल्यांचा देव

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने मला एक काम सांगितले. तो आणि त्याचे चार मित्र दर शनिवारी रात्री 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ खेळतात. एकजण जग रचतो आणि प्रसंग सांगतो, बाकीचे त्या जगातली पात्रे होऊन बोलतात, आणि केलेले धाडस तडीस गेले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जग रचण्याचे काम भाच्याकडे होते. तो म्हणाला, "मामा, तू देवदैवतांचं एवढं वाचतोस, आमच्या ऑर्कांना एक धर्म करून दे. पण ते दुष्ट नकोत."

मी विद्यापीठात घडलेला संशोधक नाही. नोकरी सांभाळून पंचवीस-तीस वर्षे ग्रामदैवतांच्या कथा आणि जत्रांच्या नोंदी करत आलो, एवढेच माझे भांडवल. काम सोपे वाटले. चार दिवसांत मी पाच देवांची यादी करून दिली : शिकारीचा देव, चुलीची देवी, वादळाचा देव, पूर्वजांचा रखवालदार, जखमा भरणारी आई. कुणीही दुष्ट नव्हते. महिन्याभराने विचारले, तर भाचा म्हणाला, "छान आहे रे मामा, पण त्या देवांबद्दल कुणी काही विचारतच नाही."

ते वाक्य मला लागले. माझ्या यादीत खोट काय होती, हे शोधता शोधता मी या खेळांच्या पन्नास वर्षांच्या वाङ्मयात शिरलो. त्यातून हाती आलेले वाचकांपुढे ठेवतो.

ऑर्क ही जमात आज आपण ओळखतो त्या रूपात जे. आर. आर. टोल्किन यांनी घडवली. १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत ऑर्क म्हणजे अंधाराच्या सत्ताधीशाचे सैन्य : क्रूर, कुरूप, मेले तरी हळहळ वाटू नये असे. टोल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. दुष्ट शक्ती नवे काही निर्माण करू शकत नाही, असलेले फक्त बिघडवू शकते, अशी त्यांची धारणा. मग आपापसांत भांडणारे, लढाई संपल्यावर काय करायचे याचे बेत आखणारे हे ऑर्क आले कुठून? त्यांना उद्धार आहे की नाही? १९५४ सालच्या एका पत्राच्या मसुद्यात टोल्किन त्यांना स्वभावतः वाईट म्हणतात, पण उद्धारापलीकडचे म्हणायला कचरतात. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये आलेल्या 'द सिल्मरिलियन'मध्ये छळ करून बिघडवलेले एल्फ हे ऑर्कांचे मूळ सांगितले आहे. एल्फ म्हणजे त्या जगातली देखणी, दीर्घायुषी जमात. उतारवयातल्या टिपणांत टोल्किननी हे उत्तरही पुन्हा तपासायला घेतले होते. त्यांच्या कादंबरीत ऑर्कांना मालक आहे, देव नाही. माझ्या मते प्रश्न न सुटण्याचे एक कारण तिथेच आहे.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला आणि ऑर्क त्यात आले. या खेळात प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे त्याच्या नैतिक वृत्तीचा शेरा असतो. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ऑर्कांपुढे 'शिस्तबद्ध दुष्ट' असा शेरा आहे. एका ऑर्काचा नव्हे, जमातीचा. आपल्याकडे अशा शेऱ्याचा खेळ झाला नाही, कायदा झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या रूपांनी अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. ऑर्क कल्पित आहेत आणि ही माणसे खरी आहेत. तुलना त्यांची नाही, शिक्का मारण्याच्या रीतीची आहे. म्हणूनच 'ते दुष्ट नकोत' ही भाच्याची अट मला पोरखेळ वाटली नाही.

१९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात जगभरच्या देवांना खेळाचे आकडे लावले गेले. आपले इंद्र-अग्नीही त्यात आहेत, आणि ते किती वार सोसतील याचा हिशेब आहे. त्याच पुस्तकात ऑर्कांचा एकाक्ष देव ग्रूम्श येतो. पण त्याला खरा जीव आला तो १९८२ मध्ये, 'ड्रॅगन' मासिकात रॉजर मूर यांनी लिहिलेल्या लेखामुळे. मूर यांनी ऑर्कांची उत्पत्तिकथा ऑर्कांच्या बाजूने सांगितली. ती अशी : सगळे देव जगाची वाटणी करायला जमले. चिठ्ठ्या टाकल्या. एल्फांना अरण्ये मिळाली, खुज्या ड्वार्फांना पर्वत, माणसांना हवे तिथे राहण्याची मुभा. ग्रूम्शची पाळी आली तेव्हा काहीच उरले नव्हते, आणि बाकीचे देव हसले. ग्रूम्शने चिठ्ठ्याच लबाडीच्या होत्या असे म्हणत भाला उगारला, डोंगर फोडले, जमिनी नासवल्या आणि सांगितले, या फटींत माझी लेकरे राहतील. त्याच्या डोळ्याचीही दोन रूपे आहेत. एल्फ म्हणतात, आमच्या देवाने तो लढाईत फोडला. ऑर्कांचे पुरोहित म्हणतात, त्याला मुळातच एक डोळा होता.

ही कथा वाचली आणि मी थांबलो. जमिनीच्या वाटपात फसवला गेलेला, पराभूत ठरवला गेलेला आणि तरी आपल्या माणसांनी न सोडलेला असा एक राजा मराठी वाचकाला नवा नाही. हा अंक हाती असेल त्याच दिवसांत बलिप्रतिपदा येते. पुराणात तीन पावलांत पाताळी गेलेला असुर बळी घरोघरी राज्य परत यावे म्हणून आठवला जातो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तीच कथा उलट बाजूने वाचली. एकाच कथेची दोन वाचने एकाच समाजात नांदतात, तेव्हा त्या समाजाच्या धर्मात जीव असतो. माझ्या पाच देवांच्या यादीत वाचायला दुसरी बाजूच नव्हती.

मूर यांनी एवढी मोठी कथा दिली, पण तिचे फलित एकच ठेवले : ऑर्क सूड घेतात. गाऱ्हाणे खरे आणि त्यावरचा उपाय फक्त दुष्टपणा, अशी ती कोंडी होती. पुढच्या रचनाकारांनी ती फोडण्याचे जे मार्ग काढले, त्यांत मला तीन दिसतात.

पहिला मार्ग दोष बाहेर टाकण्याचा. २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३' या संगणकीय खेळात ऑर्कांची क्रूरता हा राक्षसाचे रक्त प्यायल्याचा परिणाम ठरतो. शाप उतरतो आणि ते पंचमहाभूतांच्या, पूर्वजांच्या उपासनेकडे परततात. यात सरदारांनी ते रक्त आपल्या इच्छेने प्यायले ही गोष्ट राखली आहे, म्हणून अपराधाला जागा उरते. तरी जुना धर्म मुळात निर्मळच होता असे म्हणावे लागतेच.

दुसरा मार्ग धुऊन काढण्याचा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४ च्या खेळाडूंसाठीच्या मुख्य पुस्तकात ऑर्क जमात सर्वांसाठी खुली आहे. तिच्या नोंदीत ग्रूम्श हा मोकळ्या माळांवर भटकणारा, लेकरांना भटकंतीचे बळ देणारा देव आहे. हेतू चांगला आहे. जन्मजात दुष्टतेचा शेरा गेला, हे योग्यच झाले. पण त्या नोंदीत चिठ्ठ्यांची कथाही नाही. दुष्टपणा काढताना गाऱ्हाणेही काढून टाकले. माझ्या यादीची खोट हीच होती. मी ऑर्कांना सुस्वभावी केले आणि त्यांचे म्हणणे काढून घेतले. ज्याला काही म्हणायचेच नाही, त्याच्या देवाबद्दल कोण विचारणार?

तिसरा मार्ग अवघड आणि मला खरा वाटतो : गाऱ्हाणे ठेवायचे आणि त्यातून कर्तव्य उभे करायचे. याचा पाया ऑर्कांच्या नव्हे, ट्रोलांच्या बाबतीत घातला गेला. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथा या कल्पित जगावरचा 'ट्रोलपॅक' हा संच १९८२ मध्ये आला. तिथे सूर्यदेव मारला जातो आणि मृत्युलोकात उतरतो. माणसांच्या दृष्टीने ही प्रकाश हरपल्याची शोकांतिका. पण तो मृत्युलोक हेच ट्रोलांचे काळोखी, सुखाचे घर होते. तिथे अचानक जाळणारा उजेड आला आणि ते घराबाहेर पडले. घटना एकच, धर्म दोन, आणि खोटे कुणीच बोलत नाही.

'एल्डर स्क्रोल्स' या खेळमालेत ऑर्कांचा मालाकॅथ हा एकेकाळचा तेजस्वी योद्धा त्रिनिमॅक. दुसऱ्या देवतेने त्याला गिळून विटाळले, आणि आता तो बहिष्कृतांचा व शपथेचा देव आहे. २०१५ मध्ये आलेल्या 'ओर्सिनियम' या भागात ऑर्कांचा राजा उद्ध्वस्त राजधानी पुन्हा बांधतो आणि त्रिनिमॅकची उपासना पुढे आणतो. इतरांच्या पंगतीला बसायचे तर देवही प्रतिष्ठित हवा, असा त्यात भाव दिसतो. जुने भक्त मालाकॅथ सोडत नाहीत. हा वाद आपल्या कानांना ओळखीचा वाटावा.

सर्वांत सुबक रचना कीथ बेकर यांच्या 'एबेरॉन' जगातली. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या दलदलीतल्या ऑर्कांचा एक पंथ हजारो वर्षे विकृत सृष्टीकडची दारे बंद ठेवणाऱ्या मुद्रा सांभाळतो आहे. सगळे जग त्यांच्यामुळे टिकले आणि जगाला ते ठाऊक नाही. दुसरीकडे राक्षसांच्या ओसाड प्रदेशात ऑर्कांची आणखी एक जमात एका पवित्र ज्वाळेच्या नावाने पहारा देते. ती आतल्या राक्षसांना बाहेर आणि बाहेरच्या लोभी माणसांना आत जाऊ देत नाही. आणि त्याच दलदलीत बंद दारांपलीकडच्या शक्तींना भजणारे ऑर्कही आहेत. एक जमात, अनेक श्रद्धा. जमातीवरचा शेरा खऱ्या अर्थाने इथे पुसला जातो. सगळे ऑर्क चांगले ठरवले म्हणून तो पुसला जात नाही. प्रत्येकाला निवडावे लागते म्हणून पुसला जातो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गाऱ्हाणे मध्यभागी ठेवले, तर ऑर्क कायमचे पीडित होऊन बसतील. तसे होऊ नये म्हणून धर्माला रोजचे काम हवे : कोण रांधतो, प्रेत कुठे नेतात, शपथ मोडली तर काय करतात. पहारा, शपथ, मुद्रा ही अशीच कामे आहेत.

एवढे वाचून मी भाच्यासाठी दुसऱ्यांदा लिहायला बसलो. या वेळी एकच देव ठेवला आणि एकच कथा : वाटणीत आम्हाला काही मिळाले नाही. त्यातून एक रीत काढली. ऑर्कांच्या जेवणात एक वाटा बाजूला राहतो. तो कुणाचा, यावरून दोन पंथ. एक म्हणतो, तो देवाचा न मिळालेला वाटा, त्याला कुणी हात लावायचा नाही, हिशेब पुरा होईपर्यंत तो आठवण म्हणून राहील. दुसरा म्हणतो, आपल्यावर आली ती वेळ पुन्हा कुणावर येऊ नये, म्हणून तो दारी येणाऱ्या बिनवाट्याच्या माणसाचा.

पुढच्या शनिवारी भाच्याने खेळात दुष्काळ आणला आणि ऑर्कांच्या वस्तीच्या दारात एक उपाशी एल्फ उभा केला. पुजारीण झालेली त्याची मैत्रीण गप्प झाली. चिठ्ठ्यांत अरण्य जिंकलेल्यांपैकी तो एक, आणि आज बिनवाट्याचा. रात्री दीडपर्यंत पाचही जण वाद घालत होते. फासा कुणी टाकला नाही. शेवटी तिने वाटा दिला, आणि वस्तीतल्या निम्म्या ऑर्कांनी तिच्याशी बोलणे सोडले.

सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, तो वाटा नक्की कुणाचा रे?"

मी त्याला उत्तर दिले नाही. ते ऑर्कांनी ठरवायचे आहे.