शालिमार : नावाचे आणि वासाचे

सुगंधावर समीक्षा लिहायची म्हटली की पहिली अडचण येते ती पुराव्याची. पुस्तक पुन्हा उघडून दाखवता येते, गाण्याची ध्वनिफीत पुन्हा लावता येते. वास मात्र कागदावर दाखवता येत नाही. त्याची नुसती साक्ष द्यावी लागते. तेव्हा माझी साक्ष कुठून येते ते आधी सांगते.

बेळगावात आमच्या मावशीच्या लाकडी कपाटात, ठेवणीतल्या इरकली लुगड्यांच्या मागे एक बाटली असे. बसकी, काचेच्या पायावर उभी, वर पंख्याच्या आकाराचे निळे झाकण. मावशीचे धाकटे दीर आगबोटीवर नोकरीला होते. त्यांनी ती परदेशाहून आणली होती. घरात सगळे तिला ‘सेंट’ म्हणत. बाटली आली तेव्हा मावशीचे यजमान जाऊन दोन वर्षे झाली होती. गजरा, अत्तर, गुलाबपाणी या आमच्याकडे त्या काळी सौभाग्याच्या गोष्टी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बाहेर सुवासिनींच्या मनगटांवर अत्तर लावले जाई आणि मावशी आत बसून वाटली डाळ व पन्हे यांचे बघे. बाटली कपाटातच राहिली. फक्त दिवाळीच्या पहिल्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकले की, ती कपाट उघडी, झाकण काढी, एकदा हुंगी आणि पुन्हा बसवून टाकी. मी जवळ असले तर झाकण माझ्याही नाकाशी धरी. “देवघर आणि स्वयंपाकघर एका खोलीत आल्यागत वाटतं बघ,” असे म्हणे.

पुढे त्या बाटलीबद्दल मी बरेच वाचले. इतके नेमके वाक्य मला कुठे आढळले नाही.

बाटली होती शालिमारची. पॅरिसच्या गेरलँ या १८२८ साली स्थापन झालेल्या घराण्याचे हे अत्तर. कर्ता जाक गेरलँ. १९२५ साली पॅरिसमध्ये शोभनकलांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते, त्या वर्षी शालिमारचा गाजावाजा झाला. बाटलीचा घाट घराण्यातल्याच रेमों गेरलँ यांचा, आणि काच बाकाराच्या कारखान्याची. २०२५ साली या सगळ्याला शंभर वर्षे झाली. अत्तर अजून विकले जाते. एखादे पुस्तक शंभर वर्षे छापले जात राहिले तर आपण त्याला अभिजात म्हणतो. तोच मान या बाटलीला द्यायला हरकत नसावी.

नावामागे एक कथा सांगितली जाते. शहाजहान बादशहाने मुमताजसाठी शालिमार बाग रचली आणि त्या प्रेमावरून अत्तराचे नाव आले, अशी. कथा गोड आहे, पण इतिहासाशी तिचे जुळत नाही. श्रीनगरची शालिमार बाग जहांगीराने १६१९ मध्ये घातली. शहाजहानने लाहोरला शालिमार बाग उभारली ती १६४१-४२ च्या सुमारास. मुमताज त्याच्या दहा वर्षे आधी, १६३१ साली, आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपूरला बाळंतपणात गेली, आणि तिला पहिल्यांदा तापीपलीकडच्या जैनाबादेत पुरले होते. पॅरिसच्या जाहिरातीत तापीकाठचे ते मरण नाही. तिथे कारंजी आहेत आणि चांदणे आहे.

पण जाहिरात खोटी म्हणून अत्तरही खोटे, असे म्हणण्याची घाई करू नये. आपल्याकडे समीक्षेत ही चूक वारंवार होते. प्रस्तावना वाचूनच पुस्तकाचा निकाल लावला जातो. वासाला त्याच्या घटकांवरूनच विचारले पाहिजे की बाबा, तू कुठला?

शालिमारच्या सुरुवातीला बर्गमॉट आहे. हे लिंबाच्या जातीचे फळ दक्षिण इटलीत कालाब्रियात पिकते. त्याच्या सालीचे तेल घेतात. ईडलिंबाची साल नखाने खरवडल्यावर जो हिरवा, जरासा कडसर शिडकावा उठतो, त्याच्या जवळचा हा वास. मध्ये गुलाब, जाई आणि ऑरिसचे कंद, म्हणजे वाळवून मुरवलेली आयरिसची मुळे. त्यांना चेहऱ्याच्या पावडरीसारखा कोरडा, थंड वास असतो. तळाशी व्हॅनिला, दक्षिण अमेरिकेतले टोंका बी, ओपोपनॅक्ससारखे धुपाच्या जातीचे डिंक, कमावलेल्या चामड्याची आणि धुराची छटा, आणि जुन्या काळी जवादी मांजरापासून मिळणारा उग्र प्राणिज अर्क.

यात व्हॅनिला मुख्य. ती मूळ मेक्सिकोची वेल. मेक्सिकोबाहेर तिला शेंगा धरत नव्हत्या. १८४१ साली रेयुनियाँ बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुले फळवण्याची सोपी युक्ती शोधली, आणि मग हा वास जगभर स्वस्त झाला. शालिमारमध्ये तर शेंगेच्या जोडीला एथिल व्हॅनिलिन हे प्रयोगशाळेतले द्रव्यही आहे, साध्या व्हॅनिलिनच्या सुमारे तिप्पट तीव्र. जाकने ते आपल्या चुलत्याच्या ‘जिकी’ (१८८९) या अत्तरात ओतून पाहिले आणि त्यातून शालिमार निघाले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे ‘पूर्वेचा सुगंध’ म्हणून जग ज्याला ओळखते, त्याचा गाभा मेक्सिकोची वेल आणि युरोपची रसायनशाळा यांचा आहे. व्यापारात या जातीच्या अत्तरांना ‘ओरिएंटल’ म्हणत आले. अलीकडे तो शब्द मागे पडून ‘अंबर’ म्हणू लागले आहेत. ते बरेच झाले.

मग आपले यात काहीच नाही? आहे, पण बागेतले नाही. तळाच्या मिश्रणात वाळा आणि पचौली आहेत. आम्ही ज्याला वाळा म्हणतो त्याला शेजारच्या कन्नड घरात लावंच म्हणतात. फ्रेंचांनी ‘व्हेटिव्हर’ हा शब्द तमिळातून उचलला. पचौलीची पाने एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या घड्यांत, कसर लागू नये म्हणून, घालून पाठवत. युरोपातल्या बायकांना त्या वासावरून अस्सल शाल ओळखता येऊ लागली. काश्मीरशी शालिमारचा खरा धागा हा असा शालींच्या गाठोड्यातून जातो. मावशीची बाटली लुगड्यांच्या मागे होती, ही तिची योग्यच जागा म्हणायची.

आता मुख्य मुद्दा, हा वास चांगला का?

आपल्या नाकाला व्हॅनिला म्हणजे आइस्क्रीम, केक, कस्टर्ड. हा वास अंगाला लावायचा ही कल्पनाच आधी हास्यास्पद वाटते. नुसती व्हॅनिला अंगावर घेतली तर तसेच होते. माणूस बेकरीतून आल्यासारखा वाटतो. जाक गेरलँची करामत अशी की त्याने गोडाला एकटे सोडले नाही. वरून बर्गमॉटचा कडसर उजेड पाडला आणि खालून धूर, चामडे, डिंक यांचा काळोख लावला. लावल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे लिंबाचा भपका येतो. तो ओसरताना मधेच एक अवघड जागा येते. रबरासारखा, किंचित जळका वास डोकावतो आणि नवख्याला वाटते, हे बिघडले. तिथे थांबायला हवे. अर्ध्या तासाने व्हॅनिला वर येते तेव्हा ती त्या जळकेपणातून आलेली असते, म्हणून तिचा गोडवा पोरकट वाटत नाही. मग रात्रभर मंद दरवळ राहतो. तानपुऱ्याचा षड्ज सगळ्या आलापाखाली चालू असावा तशी ती व्हॅनिला पहिल्यापासून खाली असते. आपल्याला ऐकू उशिरा येते.

आणि इथे मला माझ्या साक्षीतला दोष कबूल केला पाहिजे. चार वर्षांपूर्वी भाचीने दुबईहून नवी बाटली आणली. मनगटावर लावली आणि मी चकित झाले. हे लिंबू कुठून आले? मावशीच्या झाकणाला ते कधीच नव्हते. मग उमगले. हलकी तेले आधी उडून जातात. वर्षानुवर्षे उघडझाप झालेल्या बाटलीच्या झाकणावर उरला होता तो फक्त तळ, धूप आणि व्हॅनिला, देवघर आणि स्वयंपाकघर. लहानपणापासून ज्याला मी शालिमार समजत होते तो त्याचा उत्तरार्ध होता. पूर्वार्ध झाकणावर राहणाराच नव्हता. तो अंगावर लावणाऱ्यालाच मिळतो, कारण त्याला कातडीची ऊब लागते.

नव्या बाटलीतले अत्तर जुने नाही, हेही खरे. बर्गमॉटच्या तेलातला एक घटक उन्हात कातडीवर डाग पाडतो म्हणून आता तो काढलेले तेल वापरतात. प्राणिज अर्काची जागा कृत्रिम द्रव्यांनी घेतली. काळजी रास्त आहे, पण वास थोडा धुतल्यासारखा झाला आहे. काळोख उतरला की गोडवा धीट होतो, आणि शालिमारचा तोल नेमका तिथेच सांभाळावा लागतो. जुन्या सूत्रांप्रमाणे अत्तरे जपणारी ऑस्मोतेक नावाची संस्था व्हर्सायला १९९० पासून आहे. ग्रंथालय असावे तसे वासालय. तिथे जाण्याचा योग मला आलेला नाही.

शालिमारबद्दल एक जुनी उक्ती सांगतात की घरंदाज बाईने तीन गोष्टी करू नयेत : सिगारेट, टँगो नाच आणि शालिमार. म्हणजे तिकडेही कोणी वास घ्यावा आणि कोणी नाही याचे नियम होतेच. आमच्याकडचे नियम अधिक कडक, आणि ते पाळून घेणारी माणसे प्रेमळ होती. म्हणूनच ते मोडवत नसत. बाटली पेठेत विकून टाक असे मावशीला कोणी म्हटले नाही. लाव, असेही कोणी म्हटले नाही. मीही नाही.

गेल्या दिवाळीत उटणे कालवताना लक्षात आले की संत्र्याची साल, वाळा, नागरमोथा, कचोरा हे त्या अत्तराचे दूरचे नातेवाईकच आहेत. वर साल, खाली मूळ. फक्त मधला गोडवा नाही. मावशीला तो वास परका वाटला नसावा. स्नान करून, उटण्याचा कडवट वास अंगावर घेऊन ती कपाटाकडे जाई, झाकण नाकाशी धरी, तेव्हा पूर्वार्ध तिच्या अंगावर असे आणि उत्तरार्ध झाकणावर.

ती गेल्यावर बाटली माझ्याकडे आली. तळाशी बोटभर तपकिरी द्रव राहिला आहे. मी तो लावत नाही. नवी लावते, रोज, कारण नसताना.